गल्लीपल्याडून दिसंल असा टीव्ही

४ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यात आधी आली कांताबाई. मैमूनाला घेऊन येणारा टेम्पो अजून जालन्याच्या रस्त्यालाच होता, अन् ही मैमूनाच्या दारात पदर खोचून उभी. कुणाच्या घरी काही झालं की कांताबाईला आधी कळतं. कसं कळतं ते देवाला ठाऊक. तिथून मला वरडून म्हणती, "झुंबर, तू येत न्हाई का गं पल्याड? का कल्याणनं बांधून ठेवलंय?"

म्या म्हणलं, "गुडघ्यांनी बांधून ठेवलंय." पण तिनं बराबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

मंग टेम्पो आला. मैमूना चादरीत गुंडाळलेली, तोंड एवढुसं झालेलं. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं तिचं. ऑपरेशन करून आत लोखंड घातलंय म्हणे. जहांगीरनं, म्हंजे तिच्या ल्योकानं, तिला उचलून दारातल्या खोलीत खाटेवर टाकलं. मी आपल्या पायरीवरून बघत होते. आमची दारं समोरासमोर, मधी नुसती गल्ली. हात वर केला म्या. तिनं बघितलंच न्हाई, भिंतीकडं तोंड केलं.

ही डायरी मुक्तानं दिली, माझ्या नातीनं. म्हणली, "आजी, मैमूनाआजी दवाखान्यात गेल्यापासून तू मांजराशी बोलून राह्यली. त्यापरीस लिही." मी तिसरीपर्यंत गेल्ते शाळंत. मंग मास्तर बदलून गेले, तशी माझी शाळा बी गेली. पण अक्षर लागतं. चुकलं तर चुकलं, वाचणार कोण हाय.

५ नोव्हेंबर, बुधवार

गेलेच मी आज पल्याड. जावं का न्हाई म्हणून सकाळपासून तीनदा चपला घातल्या अन् काढल्या.

भांडण काय ते लिहून टाकते. उन्हाळ्यात जहांगीर टेम्पो मागं घेत होता अन् आमच्या पायरीचा कोपरा उडाला. माझा ल्योक कल्याण म्हणला, "तू पायरी फोडली." जहांगीर म्हणला, "तुझी पायरीच गल्लीत आलीय." दोघं बी खरंच बोलत होते, म्हणून तर मिटलं न्हाई. एका बाकावर शिकलेली पोरं, एकमेकाचा डबा खाल्लेली, तवापासून तोंड बघत न्हाईत. अन् त्यांच्यापायी आमचं बंद. न्हाईतर आमच्या घरी पहिला टीव्ही आला तवापासून मैमूना रोज साडेसातला मालिका बघायला यायची. तिच्या मालकाला घरात टीव्ही नको होता. ते गेले, तरी तिनं घेतला न्हाई. म्हणायची, "तेरे घर में है ना, फिर मेरे को कायकू?"

भांडणानंतर आम्ही दोघी आपापल्या पायरीवर बसून बोलायचो, गल्ली मधी ठेवून. त्याला कुणाची बंदी न्हवती. पावसाळ्यात वीज कडाडली अन् आमचा टीव्ही जळाला, मंग मालिका बी गेली. अन् आता ही पडली.

तर आज गेले. मैमूना बोलली न्हाई. हात धरला तर धरू दिला, बास. मदीहा, तिची सून, मला चहा देऊन कोपऱ्यात घेऊन गेली. म्हणली, "काकू, डॉक्टर बोले चलाओ. वॉकर भी दिये. अम्मी उठतेच नै. बोलते, फिर गिरूंगी. ऐसेच पडे रहे तो पाँव जाम हो जाता, फिर कभीच नै उठते बोले." पोरीचे डोळे भरले.

तेवढ्यात जहांगीर जेवायला आला. मला बघितलं, "आओ काकू" म्हणला अन् न जेवताच निघून गेला. घरी आले तर इकडं कल्याणनं ताट सरकवून ठेवलेलं. म्हंजे मी एका घरात गेले की दोन घरांत दोन पोरं उपाशी. रोज गेले तर हाडकं निघतील दोघांची.

९ नोव्हेंबर, रविवार

कांताबाई रोज मैमूनाजवळ जाऊन बसती अन् खुबा मोडून कोणकोण मेलं ते सांगती. आज आवाज इकडं येत होता. मंठ्याची कुणीतरी, मंग तिच्या जावंची आई, मंग आणखी एक. कल्याण ओट्यावर दाढी करत होता. त्यो बी ऐकत होता. गाल कापून घेतला त्यानं.

जेवताना त्यो म्हणला, मोसंबीचं बरं झालंय, टीव्ही घेऊन टाकू. सुरेखा, माझी सून, लगेच म्हणली, "आतल्या खोलीत लावू. भाकरी टाकता टाकता मला दिसंल." माझा घास हातातच राह्यला. मला दिसलं, खरंच दिसलं, की आमच्या बैठकीच्या मागच्या भिंतीला टीव्ही हाय, आमचं दार उघडं, गल्लीपल्याड मैमूनाचं दार उघडं, अन् दारात तिची खाट. मी माझ्या घरात, ती तिच्या घरात. कुणाचा उंबरा कुणी ओलांडला न्हाई, कुणी उपाशी बसायचं कारण न्हाई!

पण दिसंल का तिथून? मंग म्या काय केलं, माझं हिरवं लुगडं काढलं. मुक्ताला म्हणलं, हे टोक भिंतीला धर. दुसरं टोक घेऊन मी निघाले दारातून, पायरीवरून, गल्लीत. मदीहा झाडत होती. म्या म्हणलं, "वाळत घालतेय गं, जरा टोक धर, आत खाटेपर्यंत ने." पोरगी शहाणी. वाळलेलं लुगडं काय वाळत घालती म्हणून विचारलं न्हाई, गुमान घेऊन गेली. लुगडं संपलं तरी खाट दोन हात लांब राह्यली.

कांताबाई वरडली, "झुंबर, गल्ली काय नेसवती का?"

नेसवती! तुला काय करायचंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जालन्याला गेल्तो, मी अन् कल्याण. रामनिवास शेठचं दुकान. त्यांचे आजोबा मारवाडातून आले तवा कापड विकायचे. माझ्या लग्नाचं लुगडं बी त्यांच्याच दुकानातलं. आता तिथं भिंतभर टीव्ही. अन् सगळ्यांत एकच पोपट. पोपट उडाला की समुद्र, समुद्र गेला की कापलेली फळं.

म्या म्हणलं, "शेठ, पोपट कोण बघतंय घरी? ह्याच्यात सासू कशी दिसती ते दाखवा."

शेठ पोट धरून हसले. मालिका लावली. अगं बाई! सासूच्या नथीतला मोती मोजून घ्यावा असं दिसत होतं. शेठ म्हणले हे एचडी, त्याच्यावर बी फोर-के असतं. हिरव्या साडीवाल्या नणंदेच्या ब्लाउजची शिवण काखेत उसवलीय. जुन्या टीव्हीत कधी दिसली न्हवती. एवढ्या श्रीमंत घरातली, अन् सुईदोरा न्हाई.

मंग शेठनं विचारलं, "माताजी, किती फुटांवरून बघणार? त्यावर साईज ठरतो. जवळून बघायचं तर लहान, लांबून बघायचं तर मोठा."

कल्याण म्हणला, "दहा-बारा फूट. त्रेचाळीस इंची बास झाला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नऊ वार अन् वर दोन हात."

शेठ माझ्याकडं बघायला लागले. "नऊ वार? माताजी, घर है या थेटर?"

कल्याणनं माझ्याकडं बघितलं, मंग वर पंख्याकडं बघितलं. बैठक त्यानंच बांधलीय, किती लांब हाय त्याला माहीत न्हाई का. म्या आपलं दडपून दिलं, "मला लांबूनच चांगलं दिसतं. जवळून डोळे चुरचुरतात."

त्यानं नाक खाजवलं. म्हणला, "शेठ, पासष्टचे दाखवा."

पचली थाप!

पण दुकानात तेवढं लांब जायला जागा कुठली. म्हणून मी बाहेर पडले, रस्ता ओलांडला अन् पल्याड रसाच्या गाड्यापाशी उभी राह्यले. शेठ मागं पळत आले, "माताजी, रागावू नका, भावाचं बघू आपण!" त्यांना वाटलं मी रुसून चालले. म्या म्हणलं, "तुम्ही आत जा अन् तिन्ही पासष्टचे एकामागून एक लावा." मंग मी तिथून हात करायची, सरळ, आता डावीकडं, आता उजवीकडं. कल्याण आतून टीव्ही फिरवायचा. रसवाला बी गिऱ्हाईक सोडून बघाय लागला. म्हणतो, "आजी, पहिल्यात सगळ्यांना कावीळ झालीय. दुसरा कडेनं बघितला की माणसं निळी पडतात. तिसरा घ्या." म्या त्याला बी एक डोळा मिटून बघायला लावलं. तिसराच ठरला. शेठ म्हणले, "ह्यो कुठूनबी बघा, सारखाच दिसतो."

कल्याणनं एक उगीचचा खर्चा केला. भिंतीला चिकटवायचा साधा स्टँड मिळत होता, तर हा म्हणला, "फिरणारा द्या. हात बाहेर येतो अन् कुठंबी वळतो तसला." म्या म्हणलं, "टीव्ही काय मान वळवून आपल्याकडं बघणार हाय का?" तर म्हणला, "असू दे, आई. लागतंय." माझं पोरगं साधं हाय, दुकानदारानं दाखवलं की घेतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भिवा वायरमन आला टीव्ही लावायला. म्या भिंत दाखवली तर म्हणतो, "आजी, दारासमोर टीव्ही कुणी लावतं का? ऊन पडंल, धूळ बसंल, गल्लीतनं येणारं-जाणारं बघंल." सुरेखानं बी तोंड वाकडं केलं. मला वाटलं आता कल्याण आतल्या खोलीत न्या म्हणणार. पण त्यो म्हणला, "आई म्हणती तिथं लाव. जरा खाली घे. खाटेवरनं दिसंल असा."

आमच्या बैठकीत खाट न्हाई. सोफा हाय. पण म्या म्हणलं जाऊ दे, ऐकलं तेवढं बास.

चित्र आलं तर पसरट, दुकानात होतं तसं न्हाई. मी घाबरले, म्हणलं शेठनं दुसराच दिला का काय. मुक्ता म्हणली, "आजी, टीव्ही एचडी हाय पण आपला छत्रीचा डबा जुना हाय. डबा बी एचडी लागतो." मंग भिवानं डबा बदलला. टीव्हीला हळद-कुंकू लावलं म्या. काचेला लावू नको म्हणून मुक्ता वरडली, मंग कडेच्या पट्टीला लावलं. नारळ बाहेर पायरीवर फोडला. सगळ्या गल्लीत खोबरं वाटलं. मदीहाकडं वाटीत घालून दिलं, मुक्ताच्या हातून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फजिती झाली. साडेसातला दार सताड उघडलं, टीव्ही लावला, पल्याड मदीहानं बी दार उघडलं. अन् मधी जहांगीरचा टेम्पो! एवढा मोठा, उभाच्या उभा. मैमूनाला टेम्पोचं मागलं फाळकं दिसत असंल, बाकी काही न्हाई. कुणाला सांगता बी येईना. कल्याण दारात आला, टेम्पोकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, अन् मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेला.

मालिकेत काय झालं ते मला कळलंच न्हाई.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज टेम्पो पार पाण्याच्या टाकीपाशी उभा. बॅटरी उतरली असंल. चांगलं झालं.

आवाजाचा बी बंदोबस्त केला. मुक्ताकडं एक बिगरवायरचा गोल डबा हाय, त्यातनं टीव्हीचा आवाज येतो. मदीहा वाटीभर बेसन मागायला आली, तिच्या वाटीखाली त्यो डबा दिला. सुरेखा तिथंच उभी होती, पण तिचं लक्ष न्हवतं. ती छताला जाळं लागलंय का बघत होती.

साडेसात वाजले. हिरव्या साडीवालीनं भावजयीच्या खिरीत गोळ्या टाकल्या. मी पायरीवर अशी बसल्ते की टीव्ही बी दिसावा अन् मैमूना बी. ती पडलेली, भिंतीकडं तोंड करून. भावजयीनं वाटी उचलली. मैमूनाची मान हलली. वाटी तोंडापाशी नेली. तर पल्याडून एवढ्या मोठ्यानं आवाज आला,

"अगे वो खीर नक्को पी गे!"

सगळी गल्ली दाराबाहेर आली. दवाखान्यातनं आल्यापासून म्या ऐकलेलं तिचं हे पहिलं बोलणं. मी हसत होते अन् डोळ्याला पदर लावत होते. म्या वरडले, "मैमूना, ती पिती बघ!" ती वरडली, "मूरख है मूरख! इत्ती बार धोका खाई, फिर बी अकल नै!" मंग जाहिरात लागली अन् तिनं मला विचारलं, "झुंबर, टीवी कब लाई गे?"

मला विचारलं तिनं!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कल्याणला काय म्हणावं. चार दिवस इतके सुखात गेले, अन् आज त्यानं टीव्ही डावीकडं वळवला. पल्याडून आडवं पडून नुसता अर्धा दिसतो. मैमूना वरडली, "झुंबर, आधी बहू दिख री, आधी कहाँ गई?"

म्या कल्याणला विचारलं, का वळवला. म्हणला, "पडद्यावर ऊन येतं."

"साडेसातला कुठलं ऊन?"

"उद्याचं, आई."

भांडण अजून मनात हाय त्याच्या, दुसरं काय. एवढ्या आजारी बाईवर कुणी राग काढतं का? शेवटी मदीहानं दोन उशा लावल्या अन् मैमूना टेकून बसली. बसून तिला पूर्ण दिसलं. पण तिला किती त्रास! शिव्या देतच बसली बिचारी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कल्याण शेतात गेला तवा म्या टीव्ही सरळ केला. त्यानं येऊन परत डावीकडं केला. म्या परत केला. मंग सुरेखा म्हणली, "आत्याबाई, हात नका लावू, भिवा म्हणला जास्त फिरवलं तर तुटतंय." म्हंजे सून बी त्याच्याच बाजूनं. मी जेवले न्हाई. मंग सुरेखानं शेंगदाण्याची चटणी अन् धपाटं आणून दिलं, ते खाल्लं. पण जेवले न्हाई.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आणखी वळवला! आता खाटेवर बसून बी दिसत न्हाई. दारापाशी खुर्ची टाकून बसलं तरच दिसतं. मी कल्याणशी बोलणं सोडलंय. मीठ पाहिजे असलं तरी मुक्ताला सांगते.

संध्याकाळी मैमूना खाटेवरून टीव्हीचा आवाज ऐकत होती. दिसत तर काही न्हवतं. नणंदेनं तिजोरी उघडली, आत काय हाय ते ऐकून कसं कळणार? मैमूना म्हणली, "मदीहा, वो घोड़ा ला." घोडा म्हंजे वॉकर. मदीहानं कमरेला धरलं. उभी राह्यली. एक पाऊल टाकलं, थांबली, एक शिवी दिली. दुसरं टाकलं, दुसरी शिवी दिली. "ये कल्याण को मैं अपने हात से खाना खिलाई! इस की नाक पोंछी मैं! मेरे को टीवी नै दिखाता!" असं करत खुर्चीपर्यंत आली अन् बसली, घामाघूम. तिजोरीत साप निघाला.

आत कल्याण हसत होता. मी कानानं ऐकलं. मंग मोबाईलवर कुणाला तरी म्हणतो, "हौ, आज दोन बोटं वळवला. उद्या राहू दे, दमली असंल." मोटारीच्या मिस्त्रीशी बोलत असंल, विहिरीवरची मोटार बिघडलीय त्याची. बाईचे हाल होऊन राह्यले अन् ह्याला मोटारीचं पडलंय.

४ डिसेंबर, गुरुवार

मैमूना आज आपल्या पायरीवर येऊन बसली! ऊन खात. ती तिच्या पायरीवर, मी माझ्या. पाय खाली सोडून बसली होती, लोखंडाचा पाय बी. म्या विचारलं, दुखतंय का. म्हणली, "दुखता. पर अंदर से नै दिखता तेरा मुआ टीवी, क्या करूँ?"

आम्ही इतकं बोललो की कांताबाईला मधी घुसायला जागा मिळाली न्हाई. तिनं खुब्याची आणखी एक बाई काढली होती, बदनापूरची. मैमूना म्हणली, "कांता, तेरे वाली सब मरतेच कायकू? एक बी जिंदी औरत मालूम नै क्या तुझे?"

सगळं माझ्या टीव्हीनं केलं. म्या कुणाला सांगितलं न्हाई अन् कुणाला कळलं बी न्हाई. पण कल्याणनं वळवला नसता तर ती किती आरामात बघत राह्यली असती खाटेवरून. तेवढीच रुखरुख हाय.

८ डिसेंबर, सोमवार

कल्याणनं पायरीला सिमेंटचा उतार केला. मोडलेल्या कोपऱ्यासकट सगळी पायरी बुजवली. म्या मुक्ताला म्हणलं, तुझ्या बापाला विचार, हे काय. त्यो म्हणला, मोटारसायकल घरात घ्यायचीय. आजवर कधी घेतली न्हाई, आता काय तिला थंडी वाजती का. उतारावर पोतं झाकून पाणी मारतोय. सिमेंट जहांगीरच्या टेम्पोतनं आलं, मी डोळ्यांनी बघितलं. भाडं मिळालं की ही पोरं बरी जातात एकमेकाच्या कामाला.

१० डिसेंबर, बुधवार

काय लिहू अन् काय न्हाई.

आज नणंद पकडली जाणार होती. काल तसंच दाखवलं होतं, पोलिसाची गाडी दारात. दुपारपासून मैमूना पायरीवरून मला सांगत होती, आज लवकर भाकरी टाक. अन् सात वाजता कल्याण आला अन् त्यानं टीव्ही पार आतल्या भिंतीकडं फिरवला. आता दारातनं नुसती टीव्हीची पाठ अन् वायरी.

मी मौन सोडलं. म्या म्हणलं, "कल्याण, आजच्या दिवशी? तुला आई हाय का न्हाई? तिनं तुला भरवलंय रे!" मला रडूच आलं. त्यो माझ्यापुढं खाली बसला. म्हणला, "आई, पाच मिनिटं थांब." मी कशाला थांबते. उठले, टीव्हीला हात घातला, तर सुरेखानं माझे दोन्ही हात धरले. सुनेनं! बावीस वर्षांत पहिल्यांदा धरले.

तेवढ्यात गल्लीत आवाज आला. टक. मंग थांबला. मंग टक.

मी दारात गेले. मैमूना गल्लीच्या मधोमध. वॉकर पुढं, मदीहा एका अंगाला, अन् मागं जहांगीर प्लास्टिकची खुर्ची घेऊन, अगदी पाठीला लावून, जशी काय ती कुठल्याबी पावलाला बसंल. ती बसली न्हाई. कांताबाई आपल्या दारातनं बघत होती, तिच्या तोंडातनं शब्द निघंना. मैमूना उतारापाशी आली अन् थांबली. वॉकर वर चढंना. पाय कापत होते तिचे. मला वाटलं आता परत जाईल. कल्याण माझ्या बाजूनं पुढं गेला अन् उतारावर पाय रोवून उभा राह्यला. धरलं न्हाई त्यानं तिला. नुसते हात पुढं केले.

मैमूना म्हणली, "कल्याण! टीवी किधर फिराया रे?"

"आतून बराबर दिसतंय, खाला. या."

"गिर गई तो?"

"मागं जहांगीर हाय. पुढं मी हाय. कुठं पडता?"

तिनं वॉकर सोडला. खरंच सोडला. एक हात कल्याणच्या हातात, एक जहांगीरच्या खांद्यावर, अन् चढली. आमच्या उंबऱ्यावर तिचा पाय पडला तवा मी तिच्या गळ्यात पडले अन् ती म्हणली, "अगे हट गे, पोलीस आ गई होंगी!"

सोफ्यावर तिच्या जागी बसली, खिडकीकडच्या. आता टीव्ही अगदी बराबर तिच्यासमोर. नणंदेला बेड्या घातल्या, आम्ही टाळ्या पिटल्या. म्या तिला ब्लाउजची उसवलेली शिवण दाखवली. ती म्हणली, "जेल में सिलाई सिखाते, सीख लेगी." सुरेखानं चहा केला, मदीहानं आणलेल्या शेवया दुधात घातल्या. जहांगीर अन् कल्याण उतारावर बसून खात होते, एकाच ताटलीत. जहांगीर म्हणला, "टेम्पो कल से वापस इधर लगाऊँ क्या?" कल्याण म्हणला, "लाव. पण उतार सोडून लाव, न्हाईतर म्हणशील उतार गल्लीत आलाय." अन् दोघं खिदळले, शाळंत खिदळायचे तसे.

ह्यांचं भांडण कधी मिटलं, मला तर कळलंच न्हाई. सुरेखाला विचारलं, तर ती म्हणली, "तुम्हाला सांगितलं असतं तर पायरीवरून गल्लीभर झालं असतं, आत्याबाई," अन् हसत आत गेली. काय सांगायचं होतं कुणास ठाऊक. मला वाटतं, मी एवढी रडले ते बघून कल्याणला उशिरा का होईना अक्कल आली. आता त्याच्याशी बोलायला हरकत न्हाई. रात्री वाढताना त्याला दोन शेवया जास्त वाढल्या.

जाताना मैमूना उतारावर थांबली, आपल्या पायाकडं बघितलं, गल्लीकडं बघितलं. म्हणली, "जुम्मे को आती. नमाज हुई के सीधी इधर. सबकू लेके."

म्हंजे परवाच, शुक्रवार, बारा तारीख.